फ्रिजची बगल

फ्रिजमध्ये एक थर्मामीटर ठेवायचा, एवढंच करिश्माने ठरवलं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. घरात तान्हं मूल असलं की माणूस काहीबाही ठरवतोच, आणि करिश्मा तर मूल नव्हतं तेव्हासुद्धा गॅस बंद केलाय ना हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर येणारी. सान्वी झाल्यापासून ती गॅस, दाराची कडी, नळ आणि सान्वीचा श्वास एवढं सगळं तपासल्याशिवाय आडवी होत नसे. (नळ तपासायचं तसं कारण नव्हतं. त्यांच्या दिवा गावात नळाला पाणी असतं कुठे? पण एकदा लागलेली सवय.)

थर्मामीटरचं निमित्त झालं देवयानी मॅडमच्या फोनचं. मानपाड्याला औषधांच्या गोळ्या खोक्यात भरायची एक कंपनी आहे, तिथे करिश्मा लग्नाआधीपासून कामाला. सान्वीच्या वेळी रजा घेतली, मग ती वाढवली, मग वाढवलेली पुन्हा वाढवली. शेवटी सुपरवायझर असलेल्या देवयानी मॅडमनी स्वतःच फोन केला.

"करिश्मा, सोमवारी येतेस का? नाहीतर तुझ्या जागेवर दुसरी बसवायला सांगतायत. मी आतापर्यंत थांबवलंय, पुढचं माझ्या हातात नाही."

करिश्माला जायचं होतं. अगदी मनापासून. सातवीनंतर शाळा सुटली तेव्हा 'आता ही काय करणार' असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं होतं, त्यांना उत्तर म्हणून तिच्याकडे ती एकच खुर्ची होती. तिथल्या पॅकिंगच्या लाईनवर तिच्या हाताचा वेग बघायला नवीन मुलींना आणून उभं करायचे. अडचण फक्त सान्वीची. पोरगी नाचणीची पेज खायची, मऊ भात खायची, बाबांचा मोबाईलसुद्धा खायची, पण डब्याचं दूध जिभेला लागलं की तोंड असं करायची की देणाऱ्यालाच शरम वाटावी. तिला आईचंच दूध हवं होतं.

"मग काढून ठेव ना बाटलीत," दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या. "फ्रिजमध्ये चार डिग्रीच्या आसपास राहू दे. आत मागे ठेव, दरवाज्यात नको. सासूबाई पाजतील. काही होत नाही."

ह्यातलं 'चार डिग्री' तेवढं करिश्माने घट्ट धरलं. बाकीचं सगळं तिथेच सिस्टरच्या टेबलावर राहिलं.

आता त्यांचा फ्रिज. लग्नानंतर घेतलेला, दोन दरवाज्यांचा, वर फ्रीझर, खाली फ्रिज आणि बाहेर आकडा दाखवणारी छोटी पट्टी. सासूबाई, म्हणजे आवडाबाई, ह्यांचा त्याच्यावर सख्ख्या मुलापेक्षा जास्त जीव. फ्रिज नवा राहावा म्हणून त्याच्या अंगावरचं कंपनीचं प्लास्टिक त्यांनी अजून काढू दिलेलं नव्हतं. डोक्यावर क्रोशाचं झालर लावलेलं कव्हर. आत प्रत्येक कप्प्यात फुलाफुलांचं प्लास्टिकचं चटईसारखं कापड, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हणजे डाग नको. आणि पाणी जाणार असं कानावर आलं की घरातली सगळी भांडी भरून त्यातलं सगळ्यात मोठं पातेलं फ्रिजच्या पोटात. त्या फ्रिजमध्ये गारव्याला आत शिरायचं असतं तर त्याने आधी आवडाबाईंची परवानगी काढायला हवी होती.

बाहेरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं, चार.

"बघ, चार," सर्वेश म्हणाला. हा तिचा नवरा, वर्तकनगरला एका सोसायटीच्या ऑफिसात क्लार्क. आकडा दिसला की त्याला समाधान वाटतं.

"बाहेर चार आहे. आत किती आहे कोणाला माहीत?" करिश्मा म्हणाली, आणि स्टेशनजवळच्या परशुरामच्या भांड्यांच्या दुकानातून एक थर्मामीटर घेऊन आली. गोल, काट्याचा. तो तिने दार उघडल्या उघडल्या दिसेल असा दरवाज्यातल्या अंड्यांच्या खोबणीत ठेवला. थोड्या वेळाने उघडून बघितलं.

नऊ.

करिश्माने दार धाडकन लावलं. "अहो, नऊ आहे."

"असं कसं? कंपनी खोटं बोलेल का?"

"मग हा थर्मामीटर पण कंपनीचाच आहे ना? का हा परशुरामने घरी बनवला?"

सर्वेशने वाकून काटा बघितला, मग पट्टी बघितली, मग पुन्हा काटा. "दोन्ही बरोबर असतील," तो म्हणाला. (सोसायटीच्या ऑफिसात दोन मेंबर भांडत आले की तो हेच म्हणतो.)

करिश्माने पुन्हा दार उघडलं. साडेनऊ.

"वाढतोय," ती म्हणाली. आवाज असा की पलीकडच्या खोलीतून आवडाबाई सान्वीला काखेत घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं पोरीचा ताप म्हणतायत.

"कोणाला आलाय गं बाय?"

"फ्रिजला."

दुसऱ्या दिवशी करिश्माने परशुरामला थर्मामीटर परत केला नाही, कारण तो खोटा आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं होतं. त्यासाठी दुसरा आणला. हा आकड्यांचा, सेलवाला. तो मात्र तिने खालच्या कप्प्यात अगदी मागे, भिंतीला टेकवून ठेवला, कारण पुढे पातेलं होतं. त्याने दाखवलं, एक.

बाहेर चार, दारात नऊ, मागे एक. एकच फ्रिज, त्याचा एकच कॉम्प्रेसर. करिश्माला ह्या तिघांपैकी कोणावर विश्वास ठेवावा कळेना, म्हणून तिने चौथ्याला बोलावलं. तिचा भाऊ हर्षित, वर्तकनगरलाच राहतो, मोबाईलच्या दुकानात आहे, म्हणजे घरातला इंजिनियर तोच. तो वायरवाला सेन्सर घेऊन आला. वायरचं टोक आत, आकड्याचा डबा बाहेर दारावर चिकटवायचा. टोक त्याने मधल्या कप्प्यात कोथिंबिरीच्या जुडीवर ठेवलं.

सहा.

"आता ताई, हाच खरा," हर्षित म्हणाला.

"कशावरून?"

"मी आणलाय म्हणून."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे गोपीनाथकाका आले. बँकेतून रिटायर झालेले. ते बर्फाचा ट्रे मागायला आलेले, पण खुर्चीवर बसून चहा होईपर्यंत त्यांना सगळी केस समजली होती. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"ह्यात भांडायचं काय? चार, नऊ, एक आणि सहा. बेरीज वीस. भागिले चार. पाच. तुमचा फ्रिज पाचवर आहे."

सर्वेशला हे फार पटलं. आवडाबाई मात्र सान्वीच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, "म्हणजे काका, एका डोळ्याला दिसत नाय आणि दुसऱ्याला दोन-दोन दिसतंय, तर माणसाला नीट दिसतंय असं धरायचं काय?"

काकांनी चहा संपवला आणि बर्फ न घेताच वर गेले.

करिश्माने फ्रिजवाल्या मेकॅनिकलाही फोन लावला. त्याने विचारलं, "फ्रिज चालू आहे?" हो. "आतली लाईट लागते?" हो. "मग ताई, मी येऊन काय करू?" करिश्मा विचार करेपर्यंत त्याने फोन ठेवलाही होता.

मग तिने तिच्या परीने इलाज केला. दारातला नऊ तिच्या डोक्यातून जाईना. दूध दारात ठेवायचं नाही हे सिस्टरनी सांगितलेलं आता तिला आठवलंही असतं, पण नऊ दिसल्यावर कोणाला काय आठवतं. कोणी बघत नाही असं बघून तिने आतलं बटण फिरवत फिरवत शेवटपर्यंत नेलं. सगळ्यात गार. पट्टीवर आला एक. करिश्माला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला.

शुक्रवारी सर्वेशचे मामा जेवायला आले. आवडाबाईंनी बांगड्याचं तिखलं केलेलं, आणि मामांना आवडते म्हणून सोलकढी सकाळीच करून फ्रिजमध्ये मागे ठेवलेली. वाढायची वेळ आली तेव्हा पातेली उलटी केली तरी कढी खाली येईना. वाटीत पडली ती ढेकूळ होऊन, ठक्‌ असा आवाज करत. काकडी कापायला घेतली तर सुरी आत जाईना. कोथिंबीर हातात घेतल्यावर काचेसारखी मोडली. थर्मामीटरला जागा करायला खोबणीतून मागे हलवलेल्या अंड्यांना तडे गेलेले.

मामा सोलकढीचा तुकडा चमच्याने फोडत म्हणाले, "आवडे, ही नवीन पद्धत का गं? शहरात असं खातात?"

"होय," आवडाबाई म्हणाल्या. सुनेकडे एक नजर टाकून. "फॅशन आहे."

मामा गेल्यावर आवडाबाईंनी फ्रिज बंद केला, बर्फ वितळायला लावला, खाली परात ठेवली. परात भरली की ते पाणी बादलीत ओतत होत्या, लादी पुसायला. (दिव्यात पाणी कसंही आलेलं असो, ते वाया घालवायचं नाही.) करिश्मा त्यांच्या शेजारी येऊन खाली बसली.

"आई, मी देवयानी मॅडमना नाही म्हणून सांगते."

आवडाबाईंनी परात सरकवली. "का?"

"दूध नासलं तर? पोरीच्या पोटात गेलं तर? मला त्या आकड्यांमधलं काही कळत नाही. सातवीपर्यंत शिकलेय मी. डिग्री म्हणजे मला कॉलेजची वाटायची."

"मला तर ती पण वाटायची नाय," आवडाबाई म्हणाल्या. "नाही सांगायला काय लागत नाय, बाय. एक फोन. पण मग जागा गेली की परत नाय मिळायची. आधी फ्रिजचं बघू."

फ्रिजचं बघायची अक्कल शेवटी सान्वीनेच दिली. शनिवारी लस टोचून आणली होती, त्यामुळे रविवारी अंग जरा कोमट लागत होतं. आवडाबाईंनी कपाळावर हात ठेवला. "गरम आहे." करिश्माने पाय चाचपले. "पाय तर गार आहेत." सर्वेशने बगलेत थर्मामीटर लावून बघितलं. "काही नाही, नॉर्मल." तिघे तीन वेगळ्या गोष्टी सांगत होते, सान्वी एकच होती, आणि ती मजेत अंगठा चोखत होती.

करिश्माने एकदा पोरीकडे आणि एकदा फ्रिजकडे बघितलं. मग म्हणाली, "अहो, फ्रिजला पण बगल असेल."

"काय?"

"कपाळ, बगल, पाय. दार उघडलं की बाहेरची हवा पहिली दाराला लागते, म्हणून तिथे नऊ. मागून गारवा येतो, तिथे एक. मध्ये मधलं. थर्मामीटर खोटे नसतील. आपण त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी बसवलंय."

सर्वेशने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनेच बँकेतून रिटायर व्हायला हवं होतं.

"मग हे कळायचं कसं?"

"तिघांना एका जागी ठेवायचं."

तिने पाण्याचा एक मोठा ग्लास घेतला. काट्याचा, सेलवाला (त्याला पिशवीत गाठ मारून) आणि हर्षितच्या वायरचं टोक, तिन्ही त्यात सोडले. बटण आधीच्या जागेवर आणलं. ग्लास मधल्या कप्प्यात ठेवला. दार लावलं आणि लगेच परत त्याच्या मुठीला हात घातला.

"कुठे?" आवडाबाई.

"बघते ना, कितीवर आला."

"आत्ता तर ठेवलास. दर घडीला उघडतेस, बाहेरची हवा आत घेतेस, आणि मग म्हणतेस वाढतोय. उघडणारी तूच आणि घाबरणारी पण तूच. बस इकडे."

त्यांनी मोड आलेल्या कडव्या वालांचं पातेलं तिच्या पुढ्यात ठेवलं. वाल सोलायला बसलं की माणूस उठत नाही, हे आवडाबाईंना ठाऊक होतं. एकेका दाण्याचं साल काढता काढता दुपार सरली. करिश्मा प्रत्येक मूठभर वालांमागे एकदा फ्रिजकडे बघत होती. फ्रिजही आपला गुरगुरत होता, मध्येच गप्प व्हायचा, मध्येच पुन्हा सुरू. गप्प झाला की हिचे हात थांबायचे.

"तो दम खातो गं," आवडाबाई म्हणाल्या. "गार झालं की थांबतो, जरा कोमट वाटलं की परत सुरू. तू पण खा जरा दम."

वाल संपले तेव्हा दोघींनी मिळून दार उघडलं. काट्याचा चार आणि पाचच्या मध्ये. सेलवाला चार. हर्षितचा पाच.

"हर्षितचा एकाने पुढे," सर्वेश म्हणाला.

"तो लहानपणापासूनच पुढे पुढे करतो," करिश्मा म्हणाली. पण ती हसत होती. एका पाण्यात बुडवल्यावर तिघांचं जवळजवळ एकमत झालं होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्येही एवढं होत नाही, असं सर्वेशने प्रामाणिकपणे सांगितलं.

आणि पट्टीवरचा चार? त्याचाही उलगडा सर्वेशनेच केला, म्हणजे फ्रिजसोबत आलेलं पुस्तक त्याने पहिल्यांदा उघडलं. ते अजून सीलबंद पिशवीत होतं. "इथे लिहिलंय, पट्टीवर आपण जेवढं मागितलं तेवढा आकडा दिसतो. आत खरंच तेवढं झालंय असं नाही."

"म्हणजे तुझ्यासारखं," करिश्मा म्हणाली. (आईंसमोर 'अहो', पण राहवलं नाही की 'अरे'.) "ऑफिसातून 'निघालो' म्हणून फोन करतोस, तेव्हा तू पण खुर्चीतच असतोस."

मग मोठा निर्णय झाला. फ्रिजमधली फुलाफुलांची कापडं निघाली. गारवा वरून खाली उतरायचा तर त्याला जागा हवी, हे आवडाबाईंना पटलं, पण कापडं घड्या करून त्यांनी ट्रंकेत ठेवली, लेक सासरी गेल्यावर तिचे कपडे ठेवतात तशी. पाण्याचं पातेलंही गारव्याच्या वाटेतून हललं. फक्त क्रोशाचं कव्हर राहिलं, कारण त्याचा थर्मामीटरशी काही संबंध नाही असं त्यांनी स्वतः ठरवून टाकलं. दुधाच्या बाटल्या मधल्या कप्प्यात, आतल्या बाजूला, आणि शेजारी पाण्याचा ग्लास. ग्लासात हर्षितच्या सेन्सरचं टोक, बाहेर दारावर आकडा. चार. (तो पाच दाखवायचा, सगळ्यांनी मनातल्या मनात एक वजा करायचं ठरलं. मग आवडाबाई म्हणाल्या वजाबाकी मला जमणार नाय, तेव्हा करिश्माने बटण एक घर गार केलं आणि चार आणला.)

सोमवारी सकाळी करिश्मा निघाली. सान्वीचा पापा घेतला, पुन्हा घेतला, जिन्यातून परत येऊन गॅस बघितला.

"आई, दार उगाच उघडायचं नाही. उघडलं की आकडा वर जातो. फक्त आकड्याकडे लक्ष ठेवा."

"ठेवते गं. जा तू."

कंपनीत गोळ्यांची पाकिटं हाताखालून सरकत होती. हात पहिल्यासारखेच चालत होते, ह्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. पण चहाच्या सुट्टीत पहिला फोन.

"आई, किती?"

"चार."

"उघडला नाहीत ना?"

"नाय."

जेवणाच्या सुट्टीत दुसरा. "किती?" "चार." "उघडला नाहीत ना?" "नाय गं." पाणी प्यायला उठली तेव्हा तिसरा. "चारच. उघडला नाय. देवाची शपथ."

संध्याकाळी ती रिक्षातून उतरून जिना चढून धापा टाकत आली. दारावर आकडा, चार. आवडाबाई फ्रिजच्या समोर खुर्ची टाकून बसलेल्या, मांडीवर सान्वी, दोघींचं लक्ष त्या आकड्याकडे. सान्वीने आईला बघितलं आणि असा हात टाकला की चपला काढायचीही सवड मिळाली नाही.

"आई, किती प्यायली?" पदराखाली घेता घेता करिश्माने विचारलं.

"काय?"

"दूध. बाटलीतलं."

आवडाबाईंनी अभिमानाने आकड्याकडे बोट केलं. "बाय, तू म्हणालीस उघडायचं नाय. मी कोणालाच हात लावू दिला नाय. हिला पेज दिली, भात दिला, केळं दिलं. मजेत खेळली पोर. पण चार होता तो चारच ठेवलाय."

करिश्माने दार उघडलं. मधल्या कप्प्यात बाटल्या जशाच्या तशा उभ्या, गारेगार, अगदी चार डिग्रीवर. सिस्टरनी बघितलं असतं तर त्यांचे डोळे भरून आले असते.

"अहो आई, सेन्सर पाण्यात आहे. दूध काढायला एकदा उघडलं तर त्याला काही कळतसुद्धा नाही."

"मग सकाळपासून फोन करून मला काय विचारत होतीस?"

करिश्माने फ्रिजचं दार हळूच लावलं. सान्वी पोटभर हसली, आणि तेवढ्यात ऑफिसातून आलेला सर्वेश फ्रिजमागे तोंड लपवायला गेला.

"उद्या पाजते," आवडाबाई म्हणाल्या. "पण माझी एक अट. तू फोन करायचा नाय. फोन आला की माझा हात दाराकडे जातच नाय."

करिश्माने कबूल केलं. आणि दुसऱ्या दिवशी तिने एकही फोन केला नाही. (जेवणाच्या सुट्टीत देवयानी मॅडमचा मोबाईल मागून, रुमाल तोंडावर धरून, आवाज जाड करून केलेला एक धरायचा नाही.)

"हॅलो, मी कंपनीतून सुपरवायझर बोलतेय. करिश्माच्या घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे, मॅडम," पलीकडून आवडाबाईंचा शांत आवाज आला. "अख्खी बाटली संपवून झोपलीय पोर. आकडा चार आहे. आणि आमच्या करिश्माला सांगा, तोंडावरचा रुमाल काढ आणि जेवून घे."